पाण्याच्या जोरावर निघणारे तेल : लहान तेल कंपनीचा हिशेब कसा तपासावा

परदेशातील भांडवल बाजार आता व्यापारी घराण्यांना परका राहिलेला नाही. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेनुसार भारतात राहणाऱ्या व्यक्तीस एका आर्थिक वर्षात अडीच लाख अमेरिकी डॉलरपर्यंत रक्कम परदेशी पाठविता येते आणि तीतून तेथील नोंदणीकृत कंपन्यांचे समभागही घेता येतात. घरातील मुले-मुली शिक्षण वा नोकरीच्या निमित्ताने टोरांटो, कॅल्गरी, ह्यूस्टन अशा शहरांत स्थिरावली असतील, तर तिकडच्या कंपन्यांची नावे दिवाळीच्या फराळाबरोबर घरात येतात. अशा नावांत अलीकडे ज्यांचे आकर्षण वाटू लागते, त्यांत कॅनडातील लहान तेल उत्पादक कंपन्या आहेत. समभागाचा भाव कमाईच्या मानाने अल्प, लाभांश घसघशीत आणि माहितीपत्रकात एक आश्वासक वाक्य : ‘आमची क्षेत्रे जुनी असून त्यांत पाणी सोडून तेल काढले जाते, त्यामुळे उत्पादन हळूहळू घटते आणि लाभांश टिकाऊ राहतो.’

हे वाक्य खोटे नाही. परंतु ते अर्धे आहे. पाणी तेलाला ढकलते हे खरे, तसेच ते तेलाबरोबर वर येते आणि वर्षागणिक अधिक येते, हेही तितकेच खरे. अशा कंपनीचे मोल ठरविताना किती तेल निघते हे पाहणे पुरेसे नाही. एक बॅरल तेल काढून झाल्यावर, त्यासाठी पाणी उपसून, पुन्हा जमिनीत दाबून, व्याज भरून आणि उद्याच्या उत्पादनाची तजवीज करून हातात रोकड किती उरते, हे पाहावे लागते. सराफाच्या पेढीपासून धान्याच्या अडतीपर्यंत हिशेब ज्यांच्या अंगवळणी पडला आहे, त्यांना ही तपासणी अवघड नाही. केवळ या धंद्याची परिभाषा समजून घ्यावी लागते.

पाणी तेलाला कसे ढकलते

भूगर्भात तेलाचे तळे नसते. वाळूच्या खडकाच्या किंवा चुनखडीच्या सूक्ष्म छिद्रांत, स्पंजात पाणी असावे तसे तेल असते. त्यावर निसर्गतःच मोठा दाब असतो. विहीर खोदली की या दाबामुळे तेल विहिरीकडे वाहते. परंतु तेल निघू लागताच दाब उतरतो आणि प्रवाह मंदावतो. केवळ नैसर्गिक दाबावर अनेक क्षेत्रांत मूळ तेलापैकी दहा ते वीस टक्केच हाती लागते. बाकीचे खडकातच अडकून राहते.

या अडकलेल्या तेलासाठी काही विहिरींतून पाणी आत दाबतात. हे पाणी घटलेला दाब भरून काढते आणि तेलाला उत्पादक विहिरींच्या दिशेने सरकवते. यालाच वॉटरफ्लडिंग म्हणतात. खडक अनुकूल असेल तर एकूण उतारा मूळ तेलाच्या तीस-चाळीस टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. खडक प्रतिकूल असेल, त्यात भेगा असतील, किंवा तेल फार दाट असेल, तर पाणी तेलाला ढकलण्याऐवजी त्याला वळसा घालून सोप्या वाटेने थेट उत्पादक विहिरीत शिरते. मग खर्च तोच राहतो आणि उतारा मात्र पडतो.

भारताला ही पद्धत नवी नाही. १९७४ मध्ये सापडलेल्या आणि १९७६ पासून उत्पादन देणाऱ्या मुंबई हाय क्षेत्रात १९८४ पासून पाणी दाबले जात आहे. राजस्थानातील मंगला क्षेत्र २००४ मध्ये सापडले आणि २००९ मध्ये उत्पादनास आले. तेथील तेल मेणचट असल्याने पुढे पाण्यात पॉलिमर मिसळून ते दाट करण्यात आले. दाट पाणी तेलाला अधिक एकसंधपणे ढकलते. मात्र ही प्रचंड क्षेत्रे असून त्यांच्यामागे मोठ्या कंपन्यांचे भांडवल आहे. अल्बर्टा किंवा सास्काचेवान प्रांतातील लहान कंपनीकडे बहुधा एक-दोन क्षेत्रे आणि दिवसाला एक-दोन हजार ते दहा-पंधरा हजार बॅरल उत्पादन असते. एका क्षेत्राचा अंदाज चुकला की सारी कंपनी डळमळते.

ब्रॅडफर्डचा धडा

या पद्धतीचा जन्म योजनेतून झाला नाही, अपघातातून झाला. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात ब्रॅडफर्ड हे तेलक्षेत्र १८७१ मध्ये सापडले. १८८१ मध्ये तेथील वार्षिक उत्पादन सुमारे २ कोटी ३० लाख बॅरलवर पोहोचले. त्या काळी अमेरिकेतील बहुतांश तेल एकट्या याच क्षेत्रातून येत होते. त्यानंतर उत्पादन वेगाने कोसळले. परंतु काही बेवारस विहिरींचे लोखंडी नळ गंजून वरच्या थरांतील पाणी तेलाच्या थरात उतरले होते आणि शेजारच्या विहिरींचे उत्पादन त्यामुळे वाढले होते. जॉन कार्ल या भूशास्त्रज्ञाने पाण्याने तेल ढकलले जाऊ शकते, ही शक्यता १८८० मध्येच लिहून ठेवली होती. कायद्याने मात्र सोडून दिलेल्या विहिरी बुजविणे बंधनकारक होते. म्हणून कित्येक मालक हा प्रयोग गुपचूप करीत. १९२१ मध्ये पेनसिल्व्हेनियाने त्यास कायदेशीर मान्यता दिली आणि १९३७ च्या सुमारास ब्रॅडफर्डने दुसरे शिखर गाठले. त्या वर्षी उत्पादन पुन्हा दीड कोटी बॅरलच्या वर गेले.

एकाच जमिनीतून दुसरे पीक निघाल्यासारखी ही कथा आहे, आणि माहितीपत्रकांत ती आवडीने सांगितली जाते. परंतु तिच्यात दोन गोष्टी दडल्या आहेत. पहिले शिखर आणि दुसरे शिखर यांत छप्पन्न वर्षांचे अंतर आहे. आणि दुसऱ्या शिखरासाठी असंख्य नव्या विहिरी, पंप, पाण्याची व्यवस्था व चांगला भाव या साऱ्यांची जोड लागली. पेनसिल्व्हेनियाच्या तेलापासून उत्तम वंगण होत असल्याने त्यास अधिक किंमत मिळत असे. वेळ, भांडवल आणि भाव ही तिन्ही अनुकूल असतील तरच पाण्याचे पीक पदरात पडते.

हळू घटीचे मोल

प्रत्येक तेलविहिरीचे उत्पादन घटत जाते. फरक केवळ वेगाचा. नव्याने खोदलेल्या आडव्या विहिरींत पहिल्या वर्षीच निम्म्याहून अधिक घट येऊ शकते. पाणी सोडलेल्या जुन्या, स्थिर क्षेत्रात ती वर्षाला दहा-पंधरा टक्के असते. या फरकाचे मोल किती, हे एका काल्पनिक उदाहरणाने पाहू.

समजा, दोन कंपन्या दररोज प्रत्येकी १,००० बॅरल तेल काढतात. बाजारभाव बॅरलला ७० डॉलर आहे. दर्जातील फरक आणि वाहतूक वजा जाता विहिरीपाशी ५५ डॉलर पडतात. त्यातून ८ डॉलर रॉयल्टी, २० डॉलर उत्पादनखर्च, ३ डॉलर कार्यालयीन खर्च आणि २ डॉलर व्याज वजा केले, की २२ डॉलर उरतात. वर्षाचे झाले सुमारे ८० लाख डॉलर. नफातोटा पत्रकावर दोन्ही कंपन्या जुळ्या बहिणी दिसतील.

आता घट विचारात घेऊ. पहिल्या कंपनीची घट वर्षाला १२ टक्के आहे, म्हणजे उत्पादन जागच्या जागी राखण्यासाठी तिला दररोज १२० बॅरलची नवी क्षमता उभी करावी लागते. दैनिक एक बॅरल क्षमतेला २५,००० डॉलर भांडवल लागते असे धरल्यास तिचा खर्च ३० लाख डॉलर होतो आणि ५० लाख हातात उरतात. दुसरीची घट ३५ टक्के आहे. तिला ३५० बॅरलसाठी साडेसत्याऐंशी लाख डॉलर लागतात. कमाई ८० लाख आणि केवळ उभे राहण्याचा खर्च साडेसत्याऐंशी लाख! तिने लाभांश दिला, तर तो कर्जातून किंवा उद्याच्या उत्पादनातून दिला, असाच त्याचा अर्थ.

म्हणून पहिला प्रश्न हाच : काही नवे न खोदता या कंपनीचे उत्पादन वर्षाला किती टक्के घटते आणि ते टिकवायला किती भांडवल लागते? व्यवस्थापनाने दिलेला घटीचा आकडा तसाच न स्वीकारता मागील चार-पाच वर्षांतील उत्पादन, त्याच काळातील भांडवली खर्च आणि विकत घेतलेली उत्पादनक्षमता शेजारी मांडून पाहावी. दरवर्षी मोठा खर्च होऊनही उत्पादन वाढत नसेल, तर घट सांगितली जाते त्याहून अधिक आहे.

पाण्याचा जमाखर्च

जुन्या क्षेत्रात वर येणाऱ्या एकूण द्रवात पाण्याचे प्रमाण किती, याला वॉटर कट म्हणतात. या आकड्यात एक फसवा गुण आहे. तो ९० टक्क्यांवरून ९५ टक्क्यांवर गेला, तर वाचणाऱ्याला पाच टक्क्यांचाच फरक दिसतो. प्रत्यक्षात ९० टक्के असताना एका बॅरल तेलामागे नऊ बॅरल पाणी येत होते. ९५ टक्के झाल्यावर एकोणीस बॅरल येते. पंप दिवसाला १०,००० बॅरल द्रव उपसत असतील, तर तेल १,००० वरून ५०० वर येते. वीज तेवढीच लागते, माणसे तेवढीच, पाणी वेगळे करून पुन्हा दाबण्याचा खर्चही जवळजवळ तेवढाच राहतो.

वरील पहिल्या कंपनीचे उदाहरण पुढे नेले तर काय दिसते? तिने नवे काही केले नाही, तर १२ टक्के घटीने साधारण साडेपाच वर्षांत तिचे उत्पादन निम्मे होईल. त्या वेळी बॅरलमागे २० डॉलरचा उत्पादनखर्च चाळीसच्या घरात जाईल. कार्यालयीन खर्च आणि व्याज हेही ठरलेलेच असल्याने बॅरलमागे दुप्पट होतील. तेलाचा भाव ७० डॉलरच राहिला, एक पैसाही उतरला नाही, तरी हातात काही उरणार नाही. भाव पडल्यामुळे बुडणारी कंपनी सर्वांना दिसते. पाणी वाढल्यामुळे आतून पोकळ होणारी कंपनी फारसे कोणाच्या लक्षात येत नाही.

दुसरा आकडा आहे भरपाईच्या गुणोत्तराचा. भूगर्भातून जेवढ्या आकारमानाचा द्रव काढला, तेवढ्याच आकारमानाचे पाणी आत दाबले तर हे गुणोत्तर एक असते. ते दीर्घकाळ एकाच्या खाली राहिले तर दाब उतरतो, आणि आजचे उत्पादन उद्याच्या उत्पादनातून उचल घेऊन केलेले ठरते. ते एकाच्या फार वर असेल तर पाणी भलत्या थरात जात आहे किंवा पूर्वीची रिकामी जागा भरली जात आहे, यांपैकी काय घडते आहे हे विचारावे. चांगल्या कंपन्या आपल्या सादरीकरणात हा आकडा क्षेत्रनिहाय देतात. जी कंपनी वॉटरफ्लडिंगची स्तुती करते आणि पाण्याचा एकही आकडा देत नाही, तिच्या स्तुतीला मोल द्यायचे कारण नाही.

तिसरी बाब वेळेची. पाणी सोडल्याबरोबर तेल वाढत नाही. प्रथम रिकामी झालेली छिद्रे भरावी लागतात. त्यास कित्येक महिने, कधी काही वर्षे लागतात. शिवाय काही उत्पादक विहिरी बंद करून त्यांतूनच पाणी दाबावे लागते, म्हणून सुरुवातीस उत्पादन घटते. पैसा आधी जातो, उत्पादन आधी उतरते आणि फळ नंतर मिळते. या मधल्या काळात कंपनीकडे तग धरण्यापुरती रोकड आहे का, हा खरा प्रश्न आहे. आंब्याची बाग लावणाऱ्याने पहिल्या हंगामात फळाची अपेक्षा धरू नये, आणि फळ येईपर्यंत घर चालविण्याची तरतूदही करून ठेवावी.

भाव कोणाच्या हाती?

धान्य, हळद किंवा सोने यांच्या व्यापाऱ्यास भावातील चढउतार नवे नाहीत. तरीही तेलाच्या भावाचा स्वभाव विशेष चंचल आहे. २०१४ च्या मध्यास बॅरलला १०० डॉलरच्या वर असलेला भाव २०१६ च्या आरंभी ३० डॉलरच्या खाली आला. २० एप्रिल २०२० रोजी अमेरिकी तेलाचा मे महिन्याचा वायदा उणे ३७.६३ डॉलरवर बंद झाला. साठवायला जागा नसल्याने तेल घेऊन जाणाऱ्यालाच पैसे देण्याची पाळी आली.

कॅनडातील लहान उत्पादकास यात आणखी एक जोखीम सोसावी लागते. त्याला जागतिक भाव मिळत नाही. दाट तेलाची सूट आणि वाहतुकीचा खर्च वजा होऊन जे उरते ते मिळते. २०१८ च्या अखेरीस वाहिन्या अपुऱ्या पडल्याने ही सूट बॅरलला ४० डॉलरच्याही पुढे गेली. अल्बर्टा सरकारला जानेवारी २०१९ पासून दररोज ३,२५,००० बॅरलची उत्पादनकपात लागू करावी लागली. लहान उत्पादकांना त्यातून वगळण्यात आले होते. मे २०२४ मध्ये ट्रान्स माउंटन वाहिनीचा विस्तार कार्यान्वित होऊन तिची क्षमता दररोज ८,९०,००० बॅरल झाली, तेव्हा पॅसिफिक किनाऱ्याकडील वाट रुंदावली आणि परिस्थिती सुधारली. परंतु वाहिनीचा प्रश्न एकदा सुटला म्हणजे कायमचा सुटला असे नाही.

आपल्या उदाहरणातील कंपनीकडे पुन्हा वळू. बाजारभाव ७० वरून ५० डॉलर झाला, तर विहिरीपाशी ३५ पडतील. रॉयल्टी भावाबरोबर उतरून ५ डॉलर होईल. उत्पादनखर्च, कार्यालय आणि व्याज मिळून २५ तसेच राहतील. उरले ५ डॉलर. भाव तीस टक्क्यांहूनही कमी उतरला; रोकड मात्र तीन चतुर्थांशांहून अधिक आटली. ८० लाखांचे १८ लाख झाले, आणि उत्पादन राखायला तर ३० लाख हवेत! हळू घट असणाऱ्या कंपनीचा खरा फायदा अशा वेळी दिसतो. ती एक वर्ष खोदकाम थांबवून १,००० वरून ८८० बॅरलवर येते आणि जगते. ३५ टक्के घटीची कंपनी ६५० वर येते आणि मोडते.

म्हणून गुंतवणूक करताना ‘भाव ९० झाला तर किती मिळेल’ हा प्रश्न बाजूस ठेवून ‘भाव दोन वर्षे ५० वर राहिला तर काय होईल’ हा हिशेब आधी करावा. सांगलीच्या बाजारातील हळदीचा जाणता व्यापारी माल भरताना हाच विचार करतो. काही कंपन्या वायद्यात भाव आधीच बांधून घेतात. तेजीत त्यांचा नफा थोडा कमी होतो, मंदीत मात्र व्याज भरण्याची सोय राहते. कर्ज असलेल्या कंपनीने असा काही भाग बांधला आहे की नाही, हे अवश्य पाहावे.

कर्ज आणि ड्रॉइंग पॉवर

व्यापाऱ्यास कॅश क्रेडिटची मर्यादा आणि ड्रॉइंग पॉवर यांतील भेद समजावून सांगण्याची गरज नाही. मर्यादा मंजूर असते. परंतु उचल करता येते ती गोदामातील मालाच्या किमतीवर. भाव पडले की स्टॉक स्टेटमेंटमधील मालाचे मूल्य उतरते आणि ड्रॉइंग पॉवर आपोआप घटते. तेल कंपन्यांचे कर्जही याच तत्त्वावर चालते. गोदाम भूगर्भात असते, एवढाच फरक. बँका जमिनीखालील साठ्याचे मूल्य साधारणतः वर्षातून दोनदा नव्याने ठरवितात आणि त्याप्रमाणे कर्जमर्यादा बदलतात. भाव कोसळला की मूल्य उतरते, मर्यादा आखडते आणि नेमकी रोकड नसतानाच परतफेडीचा तगादा लागतो. छत्री पाऊस सुरू झाल्यावर परत मागितली जाते.

कॅल्गरीतील झारगॉन ऑइल अँड गॅस या लहान कंपनीचा इतिहास या दृष्टीने बोलका आहे. दक्षिण अल्बर्टातील लिटल बो या जुन्या क्षेत्रात पाणी देऊन झाल्यावरही खडकात उरलेले तेल काढण्यासाठी तिने अल्कली, पृष्ठतणाव कमी करणारे द्रव्य आणि पॉलिमर पाण्यात मिसळून दाबण्याचा खर्चिक प्रकल्प हाती घेतला. २०१४ मध्ये हे मिश्रण आत सोडण्यास प्रारंभ झाला आणि त्याच वर्षाच्या उत्तरार्धात जगभर तेलाचे भाव कोसळले. तंत्रज्ञान शास्त्रशुद्ध होते, क्षेत्र परिचित होते. परंतु पैसा आधी गेला होता आणि फळ येण्याच्या वेळी भाव उरला नव्हता. लाभांश बंद झाला, मालमत्ता विकाव्या लागल्या आणि २०२० मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. लहान कंपनीने मोठा प्रकल्प कर्जाच्या जोरावर हाती घेतला, तर प्रकल्प योग्य असूनही कंपनी टिकेलच असे नाही.

साधी कसोटी अशी : निव्वळ कर्ज हे मध्यम भावातील एका वर्षाच्या रोख कमाईपेक्षा कमी असावे. तेजीतील कमाई धरून हे गुणोत्तर काढणे म्हणजे दिवाळीतील गल्ल्यावरून वर्षाची विक्री ठरविणे होय.

बंद विहिरींचे देणे

जुनी क्षेत्रे घेणाऱ्या कंपनीकडे तेलाबरोबर जुन्या विहिरीही येतात. उत्पादन संपल्यावर प्रत्येक विहीर सिमेंटने बुजवून, वरील जमीन पूर्ववत करून द्यावी लागते. हे देणे ताळेबंदात दिसते; परंतु ते दूरच्या वर्षांत होणारा खर्च म्हणून आजच्या मूल्यात लहान करून दाखविलेले असते.

रेडवॉटर एनर्जी या अल्बर्टातील लहान कंपनीच्या खटल्याने या देण्याचे खरे वजन दाखवून दिले. अल्बर्टा सरकारच्या मालकीच्या एटीबी फायनान्शियल या संस्थेने तिला कर्ज दिले होते. २०१५ मध्ये कंपनीवर प्रापक नेमला गेला. तिच्याकडे परवानाधारक विहिरी, सामग्री व वाहिन्या मिळून १२७ मालमत्ता होत्या. प्रापकाची इच्छा अशी, की उत्पन्न देणाऱ्या १७ विहिरी व त्यांना जोडलेली सामग्री तेवढी ताब्यात घेऊन विकावी, कर्ज फेडावे आणि उरलेल्या बंद विहिरी सोडून द्याव्यात. नियामकाने त्यास हरकत घेतली. ३१ जानेवारी २०१९ रोजी कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध दोन मतांनी निर्णय दिला, की विहिरी बुजविण्याची जबाबदारी टाळता येणार नाही; दिवाळखोर कंपनीची मालमत्ता प्रथम त्यासाठी खर्ची पडेल, धनकोंना त्यानंतर.

ज्या बँकेचे कर्ज तारणाने सुरक्षित होते, तिलाही मागे उभे राहावे लागले. भागधारक तर रांगेत बँकेच्याही मागे असतो. म्हणून एकूण विहिरी किती, त्यांपैकी चालू किती, बंद किती, आणि दरवर्षी किती बुजविल्या जातात, हे पाहावे. चालू विहिरींपेक्षा बंद विहिरी अधिक असतील, तर समभाग स्वस्त दिसण्याचे कारण तेथेच सापडण्याची शक्यता आहे. विहिरी बुजविण्याच्या देण्याचा मोठा भाग कर्जातच मिळवून हिशेब करणे सुज्ञपणाचे.

साठ्यांचा अहवाल कसा वाचावा

कॅनडातील नियम या बाबतीत गुंतवणूकदारास साह्यकारी आहेत. नॅशनल इन्स्ट्रुमेंट ५१-१०१ या नियमावलीनुसार नोंदणीकृत तेल कंपन्यांना दरवर्षी साठ्यांची माहिती प्रसिद्ध करावी लागते आणि साठ्यांचे मूल्यांकन वा लेखापरीक्षण स्वतंत्र तज्ज्ञाकडून करवून घ्यावे लागते. सिद्ध साठा म्हणजे जो निघण्याची शक्यता किमान नव्वद टक्के धरली आहे तो. सिद्ध व संभाव्य मिळून धरलेल्या साठ्याची शक्यता किमान पन्नास टक्के असते. माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर बहुधा दुसरा, मोठा आकडा असतो.

सावध वाचकाने सर्वांत लहान आकड्यापासून आरंभ करावा : सध्या चालू असलेल्या विहिरींतून निघणारा सिद्ध साठा. त्याचे दहा टक्के दराने काढलेले आजचे मूल्य घ्यावे, त्यातून निव्वळ कर्ज वजा करावे, विहिरी बुजविण्याचे देणे त्या मूल्यात आधीच धरलेले नसेल तर तेही वजा करावे आणि समभागांच्या संख्येने भागावे. जो आकडा येईल तो त्या समभागाचा पाया. बाजारभाव या पायाच्या आसपास असेल, तर भावी वॉटरफ्लडिंगपासून मिळणारा लाभ जवळजवळ फुकट मिळत आहे. बाजारभाव पायाच्या दुप्पट-तिप्पट असेल, तर जे तेल अद्याप हललेलेही नाही त्याची किंमत आज मोजली जात आहे. मात्र या अहवालातील मूल्य तज्ज्ञांनी गृहीत धरलेल्या भावांवर आधारलेले असते. तो तक्ता अहवालातच दिलेला असतो आणि तो आजच्या बाजाराशी ताडून पाहणे आवश्यक आहे.

आणखी एक निर्देशक वर्षागणिक तुलनेत सापडतो. पाण्याचा प्रयोग यशस्वी होत असेल, तर नव्या विहिरी न खोदताही तज्ज्ञ जुन्या विहिरींच्या साठ्यात वाढ करतात. ही वाढ ‘तांत्रिक सुधारणा’ या ओळीखाली नोंदलेली असते. सलग दोन-तीन वर्षे ती अधिक येत असेल तर व्यवस्थापनाचा दावा परक्या, निःपक्ष माणसाने मान्य केला असे समजावे. ती उणे येत असेल, तर सादरीकरणातील रंगीत आलेखांकडे पाहण्याची गरज उरत नाही.

निर्णय करताना

या विवेचनातून चांगल्या कंपनीचे एक चित्र उभे राहते. तिची घट पंधरा टक्क्यांच्या आत आहे. पाणी हळूहळू वाढते आहे आणि भरपाईचे गुणोत्तर एकाच्या आसपास स्थिर आहे. ५० डॉलर भावातही ती व्याज भरून जगू शकते. कर्ज एका वर्षाच्या कमाईहून कमी आहे. बंद विहिरी ती नियमाने बुजविते. आणि लाभांश ती उत्पादन राखण्याचा खर्च भागविल्यावर उरलेल्या रोकडीतून देते. अशी कंपनी तिच्या पायाभूत मूल्याच्या जवळपास मिळाली, तर ती विचार करण्याजोगी आहे. यांतील दोन अटी जरी चुकल्या, तरी मोठ्या लाभांशाकडे पाहून मोह धरू नये. कारण भाव पडताच प्रथम कापला जातो तो लाभांशच. २०२० मध्ये कॅनडातील अनेक तेल कंपन्यांनी हेच केले.

भारतीय गुंतवणूकदारास आणखी काही वजाबाक्या आहेत. कॅनडातील कंपनीच्या लाभांशातून भारतातील व्यक्तीसाठी सर्वसाधारणपणे पंचवीस टक्के कर तेथेच कापला जातो. भारतात कर भरताना त्याची वजावट मिळू शकते, परंतु त्यासाठी कागदपत्रे नीट ठेवावी लागतात. परदेशी समभाग प्राप्तिकर विवरणपत्रात जाहीर करणे बंधनकारक आहे, मग त्यांवर उत्पन्न मिळो वा न मिळो. रुपया आणि कॅनेडियन डॉलर यांच्या दरातील फरक हा वेगळाच. लहान कंपनीच्या समभागांची उलाढालही कमी असते. घेताना सहज मिळालेला समभाग विकताना गिऱ्हाईक शोधत बसावे लागते.

म्हणून कुटुंबाच्या एकूण गुंतवणुकीत अशा समभागांचे स्थान अल्पच असावे आणि मुलांचे शिक्षण, लग्नकार्य किंवा दुकानाचे खेळते भांडवल यांसाठी ठेवलेला पैसा त्यात कदापि जाऊ नये. ज्या रकमेला पाच-सात वर्षे हात लावावा लागणार नाही, तीच यासाठी योग्य. पाण्याला तेल ढकलायला वेळ लागतो आणि भावाच्या एका फेऱ्यालाही.

कोणी नात्यातला तरुण परदेशातून असे एखादे नाव सुचवील, तर त्याचा उत्साह मोडण्याचे कारण नाही. त्याच्यापुढे चार प्रश्न ठेवावेत : घट किती? पाणी किती? भाव पन्नासवर आला तर कर्जाचे काय? आणि बंद विहिरी किती? कॅनडातील कंपन्यांची विवरणे सार्वजनिक संकेतस्थळावर विनामूल्य उपलब्ध असल्याने या प्रश्नांची बहुतेक उत्तरे त्याला एका रविवारी शोधता येतील. ती लिहून काढल्यावर ज्या कंपनीविषयीचा विश्वास टिकून राहील, तिचाच पुढे विचार करावा. आणि दर वर्षी नवा अहवाल आला की तेच चार आकडे त्याच वहीत पुन्हा लिहावेत.